तुमच्या यादीतली चूक आम्हाला दिसते: कच्चे कैदी पुनर्विलोकन समित्यांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
कच्चे कैदी पुनर्विलोकन समिती,
महाराष्ट्रातील सर्व जिल्हे

विषय: समितीच्या कामात न्यायाधीन बंदी (खटल्याचा निकाल न लागलेले, म्हणजेच कच्चे कैदी), सुटून आलेले बंदी आणि त्यांचे कुटुंबीय यांना अधिकृत जागा देण्याबाबत

महोदय, महोदया,

आपल्या समितीने दर तीन महिन्यांनी तरी बसावे असा नियम आहे. टेबलाभोवती जिल्हा न्यायाधीश, जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव आणि कारागृह अधीक्षक असतात. समोर एक यादी असते. ती कारागृहाच्या न्यायालयीन शाखेने ई-प्रिझन्स या तुरुंगांच्या संगणकीय नोंदप्रणालीतून काढलेली असते आणि बैठकीतले सगळे काम तिच्यावर चालते. त्या यादीत कोणाचे नाव राहिले आणि कोणाची तारीख चुकली, हे सांगू शकणारी माणसे मात्र त्या खोलीत नसतात. ती बराकीत असतात, नाहीतर मुलाखतीच्या रांगेत.

आमची मागणी एवढीच आहे की या माणसांना यादी बैठकीआधी तपासू द्यावी आणि बैठकीत अर्धा तास बोलू द्यावे. ती मान्य करण्याजोगी का आहे, हे सांगण्यासाठी कामाच्या तपशिलात शिरावे लागेल, कारण माणूस अडकतो तो तपशिलातच.

2022 अखेर देशातल्या तुरुंगांत 5,73,220 बंदी होते आणि त्यातले 4,34,302 कच्चे, म्हणजे दर चारातले तीन. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे हे आकडे आपल्याला ठाऊक असतीलच. सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये या समित्या स्थापन करायला लावल्या आणि 2018 मध्ये राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची कार्यपद्धती लागू झाली. तिच्यात 14 प्रकारचे बंदी शोधायला सांगितले आहे. त्यातल्या दोनच प्रकारांबद्दल आम्ही इथे लिहितो: मुदत भरलेले, आणि जामीन होऊनही आत असलेले.

आधी मुदतीचे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 479 सांगते की ज्या गुन्ह्याला फाशी किंवा जन्मठेप नाही, त्यात कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढलेल्याला जामीन मिळावा. पूर्वी कोणत्याही गुन्ह्यात दोषी ठरला नसेल त्याला एक तृतीयांश काळानंतर. 1 जुलै 2024 पूर्वी, म्हणजे ही संहिता लागू होण्याआधी, नोंदलेल्या गुन्ह्यांनाही ही तरतूद लागू आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 23 ऑगस्ट 2024 रोजी स्पष्ट केले. अर्ज करण्याची जबाबदारीही कायद्याने बंद्यावर टाकलेली नाही. मुदत भरताच न्यायालयाला लेखी अर्ज द्यायचा आहे तो अधीक्षकांनी.

साध्या चोरीला कमाल तीन वर्षे. पहिल्यांदाच आलेल्याची मुदत बारा महिन्यांनी भरते, इतरांची अठरा महिन्यांनी. राहत्या घरातल्या चोरीला सात वर्षे, म्हणजे दोन वर्षे चार महिने किंवा साडेतीन वर्षे. हिशोब पोराटोराला जमेल इतका सोपा आहे. तरी तो चुकतो, आणि चुकण्याच्या जागा ठरलेल्या आहेत.

एक, सुरुवातीची तारीख. कारागृहाच्या नोंदवहीत बंदी दारातून आत आला ती तारीख असते. त्याआधीची पीसीआर, म्हणजे पोलीस कोठडीतले दिवस, तिथे दिसत नाहीत, कारण तेव्हा तो पोलीस ठाण्याच्या लॉकअपमध्ये होता. मोजणी अटकेच्या तारखेपासून व्हायला हवी. बदली होऊन आलेल्या बंद्याचे तर आधीच्या कारागृहातले महिनेच गळतात, कारण नव्या ठिकाणी पुन्हा नव्याने दाखल तारीख पडते. उलटही होते: मधे तात्पुरत्या जामिनावर बाहेर असल्याचे दिवस वजा करायचे राहतात, मग न्यायालयात अर्ज टिकत नाही आणि पुढच्या खऱ्या अर्जांकडेही संशयाने पाहिले जाते.

दोन, कमाल शिक्षा. भारतीय न्याय संहितेचे कलम 331(4) घ्या, रात्रीची घरफोडी. तिला पाच वर्षे. पण हेतू चोरीचा असेल तर चौदा. नोंदवहीत फक्त कलमाचा आकडा असतो. भरणाऱ्याने कोणता आकडा धरला त्यावर त्या माणसाची एक तृतीयांश मुदत वीस महिने ठरते किंवा चार वर्षे आठ महिने. दोषारोपपत्र वाचल्याशिवाय हे कळणार नाही. आणि दोषारोपपत्रात कलम कमी झाले किंवा वाढले तरी ई-प्रिझन्समध्ये पहिल्या रिमांडच्या वेळचेच कलम राहू शकते.

तीन, 'पहिल्यांदाच' या शब्दाचा अर्थ. कायद्यात तो 'पूर्वी कधी दोषी ठरलेला नाही' असा आहे. पोलीस ठाण्याच्या अहवालात 'आरोपीवर यापूर्वी गुन्हे दाखल' असे वाक्य असले की बंदी सराईत समजला जातो. गुन्हा दाखल होणे म्हणजे दोषी ठरणे नव्हे. इतर खटले प्रलंबित असतील तर कलम 479 चे उपकलम (2) आड येते हे खरे; पण जे निकाली निघाले, ज्यात निर्दोष सुटका झाली, ते गुन्हेही या वाक्यातून वजा होत नाहीत. याचा सर्वाधिक फटका पारधी आणि इतर विमुक्त जमातींच्या माणसांना बसतो. या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा गुन्हेगार जमाती कायदा 1952 मध्ये गेला. तुरुंगाच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढून टाका, हे सांगायला 3 ऑक्टोबर 2024 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला.

चार, रोजनामा, म्हणजे प्रत्येक तारखेला न्यायालयात काय झाले याची नोंद. ही जागा सर्वांत कमी पाहिली जाते. कलम 479 नुसार आरोपीमुळे झालेला उशीर मुदतीतून वजा होतो. तारखेला पोलीस गार्ड मिळाला नाही, गाडी आली नाही, व्हीसी (व्हिडिओ कॉन्फरन्स) लागली नाही, की रोजनाम्यात 'आरोपी गैरहजर' एवढेच पडते. दोन वर्षांनी तो कागद वाचणाऱ्याला वाटते, हाच येत नव्हता. आत असलेला माणूस स्वतःहून गैरहजर राहणार कसा? 'आरोपीस कारागृहातून हजर केले नाही, कारण गार्ड उपलब्ध नाही' एवढे शब्द लिहायला अर्धे मिनिट लागते. अध्यक्ष स्वतः जिल्ह्याचे प्रमुख न्यायाधीश आहेत. हे त्यांच्या एका परिपत्रकाने होईल.

या चारही चुका बंद्याला आणि त्याच्या घरच्यांना लगेच दिसतात. अटकेचा दिवस आई विसरत नाही. म्हणून आमचे म्हणणे असे की बैठकीच्या पंधरा दिवस आधी यादी बराकीबराकीत वाचून दाखवावी. प्रत्येक नावापुढे चार गोष्टी असाव्यात: अटकेची तारीख, कलम, धरलेली कमाल शिक्षा, मुदत भरण्याची तारीख. आरोपाचा तपशील वाचू नका; बाल लैंगिक अत्याचारासारख्या गुन्ह्यात तो इतरांसमोर उघड होणे त्या बंद्याच्या जिवावर बेतू शकते. अशांना ज्याच्या त्याच्या हातात चिठ्ठी द्यावी. ज्यांची नावे यादीत नाहीत त्यांनाही विचारावे, कारण खरी गळती तिथेच असते. घरच्यांसाठी मुलाखतीच्या खिडकीवर दुरुस्तीची एक पानी चिठ्ठी ठेवावी आणि ती घेतल्याची सहीशिक्क्याची पोच द्यावी. पोच नसेल तर ती चिठ्ठी दिली काय नि न दिली काय.

आता जामीन होऊनही आत असलेल्यांबद्दल. यावर थोडे जास्त लिहितो.

सर्वोच्च न्यायालयाने 31 जानेवारी 2023 रोजी यासाठी जवळजवळ वेळापत्रकच आखून दिले. जामिनाचा आदेश झाला त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी त्याची प्रत ईमेलने अधीक्षकांमार्फत बंद्याला. अधीक्षकांनी ई-प्रिझन्समध्ये जामिनाची तारीख नोंदवायची. सात दिवसांत सुटका झाली नाही तर विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचे. महिन्याभरात जामीन भरला गेला नाही तर न्यायालय स्वतःहून अटी बदलण्याचा विचार करू शकते. आणि स्थानिक जामीनदारच हवा, अशी अट घालू नये.

वेळापत्रक पहिल्याच पायरीवर बिघडते. जामिनाचा आदेश आणि सुटकेचा आदेश हे दोन वेगळे कागद आहेत. पहिला न्यायालयाने जामीन दिल्याचा, दुसरा जामीनदार स्वीकारल्यानंतरचा. कारागृहाला सवय दुसऱ्याची. नोंद करणारा कर्मचारी सुटकेच्या आदेशाची वाट पाहत राहिला तर जामिनाच्या तारखेचा रकाना कोराच राहतो, आणि 'जामीन झाला पण सुटका नाही' अशा बंद्यांची संख्या संगणकात शून्य येते. आपल्यासमोर असे शून्य आले तर आनंद मानू नका. त्याच महिन्यात जिल्ह्यातल्या न्यायालयांनी किती जामीन दिले आणि कारागृहातून जामिनावर किती सुटले, हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा.

दुसरी अडचण प्रकरणाच्या क्रमांकाची. एकाच प्रकरणाला गुन्हा रजिस्टर नंबर असतो, मग रिमांडचा क्रमांक, मग आर.सी.सी. (नियमित फौजदारी खटला) क्रमांक, खटला सत्र न्यायालयात गेला की सेशन केस नंबर. घरच्यांच्या हातात बहुधा पहिलाच असतो. ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर तारीख पाहायची तर सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक लागतो, आणि सत्र न्यायालयात गेल्यावर तोही नवा शोधावा लागतो. प्रत्येक बंद्याच्या मुलाखतीच्या पावतीवर चालू सीएनआर आणि पुढची तारीख छापली, तर अर्ध्या चकरा वाचतील. खर्च शून्य.

मग जामीनदार. आदेशात 'एक किंवा दोन ऐपतदार जामीनदार' असे शब्द येतात. न्यायालयाच्या कार्यालयात मागितले जाणारे कागद साधारण असे: आधार, पॅन, रेशनकार्ड, फोटो, पगाराच्या चिठ्ठ्या किंवा सातबारा किंवा घरपट्टी, प्रतिज्ञापत्र, आणि कुठे कुठे तहसीलदारांचा ऐपत दाखला. फेटाळण्याची कारणेही ठरलेली. सातबाऱ्यावर 'रामा' आणि आधारवर 'रामचंद्र'. जमीन सामाईक, वाटणी न झालेली, म्हणून इतर हिस्सेदारांची संमती आणा. इतर हक्कात सोसायटीचा बोजा. भोगवटादार वर्ग 2 ची जमीन, जी परवानगीशिवाय विकता येत नाही, म्हणून तिची ऐपत धरत नाहीत. कंत्राटी कामगाराकडे पगाराची चिठ्ठीच नाही. आणि पालावर राहणाऱ्याकडे यातले काहीच नाही. एकेका त्रुटीमागे जामीनदाराची एक रोजी बुडते. तिसऱ्या खेपेला तो येत नाही. पत्त्याच्या पडताळणीसाठी कागद पोलीस ठाण्यात गेला की तो कधी परत येईल याला मुदतच नसते.

हे सगळे कायद्याने आवश्यक आहे का? नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 485 प्रमाणे जामीनदाराच्या ऐपतीबद्दल न्यायालय प्रतिज्ञापत्र स्वीकारू शकते. कलम 484 म्हणते की जामिनाची रक्कम अवाजवी नसावी, आणि सत्र न्यायालय ती कमी करू शकते. कलम 490 प्रमाणे जामीनदाराऐवजी रोख ठेव चालू शकते. जामीनपात्र गुन्ह्यात तर अटकेपासून आठवड्यात जामीन देता आला नाही, तर तो माणूस गरीब आहे असे धरून जातमुचलक्यावर (जामीनदाराशिवाय, स्वतःच्या लेखी हमीवर) सोडायचे, हे कलम 478 मध्येच आहे. 1978 मध्ये मोतीराम या गवंड्याच्या प्रकरणात जामीनदार दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून नाकारणे न्या. कृष्णा अय्यर यांनी चूक ठरवले होते. एकाच माणसावर अनेक खटले असतील तर प्रत्येकात नवे जामीनदार कुठून आणणार, हा प्रश्नही सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2024 मध्ये अशा एका आरोपीच्या बाबतीत सोडवला आणि एका राज्यातल्या त्याच्या सर्व प्रकरणांत तेच जामीनदार चालतील असा आदेश दिला. तरतुदी पुरेशा आहेत. त्या मागणारा अर्ज मात्र कोणी करत नाही.

म्हणून जामिनाच्या आदेशानंतर आठव्या दिवशी लोकअभिरक्षक कार्यालयाने (आरोपींना मोफत वकील देणारे विधी सेवेचे कार्यालय) एक पानी अर्ज करावा, बंद्याचा वकील खासगी असेल तर त्याला कळवून आणि बंद्याची संमती घेऊन. अर्जात मागण्या क्रमाने: रक्कम कमी करावी, नाही तर काही आठवडे तात्पुरता जातमुचलका, तेवढ्यात बाहेर येऊन जामीनदार आणता येईल, नाही तर रोख ठेव. सोबत आर्थिक स्थितीचा अहवाल. तो परिविक्षा अधिकाऱ्याने (प्रोबेशन ऑफिसर) किंवा विधी स्वयंसेवकाने घरी जाऊन करायचा असतो. घरात कमावते किती, भाडे किती, कर्ज किती, मुलांची शाळा कुठली, इतके दोन परिच्छेद पुरतात. 'कुटुंब गरीब असल्याचे दिसते' या एका ओळीच्या अहवालाने कोणताही न्यायाधीश आदेश बदलणार नाही, आणि त्याचा दोषही नाही.

गरीब बंद्यांना मदत करण्याची केंद्राची 2023 ची योजना इथेच अडते. मूळ मार्गदर्शक सूचनांत कच्च्या कैद्यासाठी ₹40,000 पर्यंत आणि शिक्षा भोगून दंडासाठी अडकलेल्यासाठी ₹25,000 पर्यंत तरतूद होती. एनडीपीएस (अमली पदार्थ), यूएपीए (बेकायदा कारवाया), मनी लाँडरिंग आणि भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखालचे बंदी वगळलेले. पण योजना पैसे देते, जामीनदार देत नाही. आदेशात 'ऐपतदार जामीनदार' असेल तर मंजूर रकमेचा उपयोगच नाही. आधी आदेश बदलून रोख ठेवीचा करून घ्यायचा, मग जिल्हाधिकारी असलेल्या अधिकारप्राप्त समितीकडे प्रस्ताव. हा क्रम उलटा झाला की प्रस्ताव 'अपात्र' म्हणून परत येतो आणि निधी पडून राहतो.

शेवटी सुटकेचा आदेश. नावात 'उर्फ' राहिले, वडिलांचे नाव वेगळे लिहिले, एक कलम सुटले, की कारागृह तो आदेश परत पाठवते. चुकीच्या माणसाला सोडले तर नोकरी जाते, त्यामुळे त्या कर्मचाऱ्यालाही समजून घ्यावे लागते. पण ही दुरुस्ती, आदेश निघाल्यावर तासाभरात, फोन आणि ईमेलने व्हावी, वकिलाने पुन्हा अर्ज करण्याची वाट पाहू नये. सुटकेचे आदेश टाकायची कारागृहाची जामीन पेटी ठरावीक वेळेला उघडते; ती वेळ चुकली की एक रात्र, आणि शनिवार आला तर जास्त. दुसऱ्या प्रकरणातले प्रॉडक्शन वॉरंट (बंद्याला त्या न्यायालयात हजर करण्याचा आदेश) पडून असेल तर सुटका होणारच नाही. ते वॉरंट आहे हे घरच्यांना दारात उभे राहिल्यावर कळू नये. जामीनदाराचा खर्च करण्याआधीच कळावे.

हे काम सचिव एकटे करू शकणार नाहीत. विधी स्वयंसेवक हवेत, आणि ते आमच्यातून घ्या. राष्ट्रीय प्राधिकरणाच्या योजनेतच दीर्घ शिक्षा भोगणाऱ्या, चांगल्या वर्तणुकीच्या सुशिक्षित बंद्यांना स्वयंसेवक करण्याची सोय आहे. आत चालते, तर सुटून बाहेर आलेल्याला पोलीस पडताळणीत 'गुन्हा दाखल होता' म्हणून बाद करणे विसंगत आहे. निर्दोष सुटलेल्याला ही अडचण येऊ नये. ज्याचा खटला चालू आहे त्याला त्याचे स्वतःचे कारागृह आणि न्यायालय सोडून काम द्यावे. बंद्यांच्या बायका आणि आया यांना तर पडताळणीचा प्रश्नच नाही. कागदपत्रांचे शिक्षण त्यांनी तसेही रांगेत उभे राहून घेतलेले असते.

यात धोका आहे आणि तो आम्ही लपवत नाही. कोर्टाच्या आवारात पैसे घेऊन जामीनदार पुरवणारे असतात, आणि त्यातले काही आमच्यासारखेच कधीतरी आत गेलेले असतात. भाड्याचा जामीनदार अनेक प्रकरणांत तेच कागद लावतो. कलम 486 नुसार आपण आणखी किती जणांना जामीन आहोत हे त्याने सांगायचे असते, तिथे तो खोटे बोलतो. उघड झाले की बंदी परत आत, आणि कधी नवा गुन्हाही. म्हणून आमच्या स्वयंसेवकांवर अटी घाला: कोणाकडूनही रुपया घ्यायचा नाही, कोणत्याही वकिलाचे नाव सुचवायचे नाही, स्वतः जामीनदार व्हायचे नाही, प्रत्येक भेटीची नोंद वहीत, वही महिन्याला सचिवांसमोर. मोडली तर त्याच दिवशी नाव कमी. या अटी आम्हीच मागतो आहोत, कारण एक दलाल घुसला तर रांगेतल्या सगळ्यांवरचा विश्वास उडतो.

एक संरक्षण मात्र आधी हवे. चूक दाखवणाऱ्या बंद्याची लांबच्या कारागृहात बदली, बराक बदलणे, मुलाखतीची वेळ कापणे हे उपाय कोणत्याही अधीक्षकांच्या हातात असतात आणि कागदावर त्यांना नेहमीच 'प्रशासकीय कारण' असते. यादीवर हरकत घेतलेल्या बंद्याची पुढच्या तीन महिन्यांत बदली करायची असेल तर समितीच्या अध्यक्षांना आधी लेखी कळवावे. तक्रारपेटीची किल्ली सचिवांकडे असावी. कैद्याच्या पत्राला या देशाच्या कायद्यात मोठे स्थान आहे. तिहारमध्ये फाशीची शिक्षा झालेल्या सुनील बत्रा यांनी दुसऱ्या कैद्याच्या छळाबद्दल न्यायमूर्तींना पत्र लिहिले आणि 1979 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यालाच याचिका मानले. त्याआधी 1965 मध्ये मुंबईच्या तुरुंगातल्या प्रभाकर संझगिरी यांनी अणुविज्ञानावर मराठीत लिहिलेले पुस्तक छापायला बाहेर पाठवू द्यावे की नाही, यावर महाराष्ट्र शासन सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि हरले. दुरुस्तीची चिठ्ठी त्यापुढे फार लहान गोष्ट आहे.

पुढच्या बैठकीसाठी आम्ही तीन कामे सुचवतो. कारागृहातल्या कोणत्याही पन्नास बंद्यांच्या अटकेच्या तारखा रिमांडच्या कागदाशी ताडून पाहाव्यात. जामीन झालेल्या पण आत असलेल्यांची यादी न्यायालयांकडूनही मागवावी आणि कारागृहाच्या यादीशेजारी ठेवावी. बैठकीचा दिवस, वेळ आणि ठिकाण पंधरा दिवस आधी कारागृहाच्या दारावर व न्यायालयाच्या सूचना फलकावर मराठीत लावावे, त्याखाली विधी सेवेचा 15100 हा क्रमांक आणि दुरुस्तीची चिठ्ठी स्वीकारणाऱ्या कर्मचाऱ्याचे पदनाम लिहावे. त्या दिवशी आम्ही बाहेर हजर राहू. आत बोलावल्यास दोन प्रतिनिधी येतील, त्यातली एक स्त्री असेल, आणि सोबत चिठ्ठ्यांच्या पोचपावत्या आणतील.

आपले,
न्यायाधीन बंद्यांचे कुटुंबीय आणि कारागृहातून सुटून आलेले बंदी